हिटलर (आडनाव)

हिटलर हे जर्मन भाषेतील एक दुर्मीळ आडनाव आहे. ऑस्ट्रियाच्या उत्तर सीमेलगतच्या वाल्डफिर्टेल या डोंगराळ व वनाच्छादित प्रदेशातील शेतकरी घराण्यांत हे नाव आढळत असे. हीडलर आणि ह्यूटलर ही त्याचीच निराळी लेखनरूपे होत. नाझी हुकूमशहा अ‍ॅडॉल्फ हिटलर (१८८९–१९४५) याच्यामुळे हे आडनाव जगभर परिचित झाले आणि त्याच कारणाने ते जर्मनभाषक प्रदेशातून जवळजवळ नाहीसेही झाले. या आडनावावर कोणत्याही कायद्याने बंदी घातलेली नाही. ते धारण करणाऱ्यांनीच ते टाकून दिले. (प्रस्तुत लेख केवळ आडनावाविषयी आहे. व्यक्तीविषयीच्या माहितीसाठी अ‍ॅडॉल्फ हिटलर हा लेख पाहावा.)

जर्मन आडनावांची पार्श्वभूमी

जर्मनभाषक प्रदेशात आडनावांचा प्रघात साधारणपणे बाराव्या शतकापासून नगरांमध्ये सुरू झाला व पुढील तीन-चार शतकांत तो खेड्यांपर्यंत पोहोचला. नगरांची वस्ती वाढली, एकाच नावाची अनेक माणसे एका ठिकाणी राहू लागली आणि करवसुली, वारसाहक्क व न्यायनिवाडा यांसाठी माणूस नेमका ओळखण्याची गरज निर्माण झाली. या आडनावांचे अभ्यासक सामान्यतः पाच वर्ग करतात: पूर्वजाच्या व्यक्तिनामावरून, व्यवसायावरून, मूळ गावावरून, राहत्या जागेच्या वैशिष्ट्यावरून आणि शारीरिक वा स्वभावगत लकबीवरून पडलेली नावे. जर्मनीतील सर्वाधिक प्रचलित आडनाव म्यूलर (गिरणीवाला) हे व्यवसायवाचक आहे, तर ऑस्ट्रियातील सर्वाधिक प्रचलित आडनाव ग्रूबर (खळग्यात वा खोलगट जागी राहणारा) हे स्थानवाचक आहे.

आडनाव रूढ झाले तरी त्याचे लेखन मात्र दीर्घकाळ निश्चित नव्हते. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी गावचा धर्मगुरू चर्चच्या नोंदवहीत करीत असे. सांगणारा बहुधा निरक्षर असे. तो उच्चारील ते धर्मगुरूने आपल्या कानाला जाणवेल तसे लिहावे, अशी रीत होती. हाब्सबर्ग साम्राज्यात सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ साली या नोंदवह्यांना शासकीय दस्तऐवजाचा दर्जा दिला. त्यानंतरही त्या सांभाळण्याचे काम धर्मगुरूंकडेच राहिले व ऑस्ट्रियात ही व्यवस्था १९३८ पर्यंत चालू होती. जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून नागरी नोंदणी सर्वत्र लागू झाली आणि आडनावांचे लेखन हळूहळू स्थिरावले.

व्युत्पत्ती

या आडनावाच्या दोन व्युत्पत्ती प्रामुख्याने मांडल्या जातात. पहिलीनुसार त्याचा संबंध ‘ह्यूटे’ म्हणजे झोपडी वा खोपटे या शब्दाशी आहे. त्याला ‘-लर’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘ह्यूटलर’, म्हणजे खोपटात राहणारा अल्पभूधारक, असा शब्द सिद्ध होतो. दुसरीनुसार त्याचा संबंध बव्हेरियन-ऑस्ट्रियन बोलीतील ‘हीडल’ या शब्दाशी आहे. जमिनीखालून वाहणारा झरा असा या शब्दाचा अर्थ आहे. अशा झऱ्याजवळ ज्याचे घर, तो ‘हीडलर’. दोन्ही व्युत्पत्ती मान्य केल्या तरी नाव राहत्या जागेवरून पडलेले ठरते. चेक भाषेतून ते आले असावे असाही एक तर्क केला गेला आहे. वाल्डफिर्टेल हा बोहेमियाला लागून असलेला प्रदेश असल्याने तो सुचला असावा, परंतु त्याला भक्कम आधार नाही.

हीडलर, ह्यूटलर व हिटलर ही रूपे लिहिताना भिन्न दिसतात, बोलताना मात्र ती एकमेकांच्या फार जवळ येतात. याचे कारण त्या प्रदेशाच्या बोलीत आहे. तेथील बोलीत ओठांचा चंबू करून उच्चारायचा ‘ह्यू’मधील स्वर साध्या ‘इ’सारखा उच्चारला जातो. शिवाय शब्दाच्या मध्यभागी असलेल्या ‘ट’ व ‘ड’ या व्यंजनांतील भेदही पुसट होतो. त्यामुळे एकाच उच्चाराची तीन लेखने संभवत. एकाच आईबापांच्या दोन मुलांची आडनावे नोंदवहीत निराळी लिहिलेली सापडतात, ती यामुळेच. अशा उदाहरणांत लेखनभेद हा कुलभेदाचा पुरावा ठरत नाही.

मराठीत रूढ झालेला ‘हिटलर’ हा उच्चार इंग्रजीच्या वळणाचा आहे. जर्मन उच्चारात ‘ट’ दंतमूलीय असतो व अखेरचा ‘र’ जवळजवळ ‘अ’मध्ये विरून जातो.

१८७६ची नोंद

अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या घराण्यात हे आडनाव या विशिष्ट लेखनासह कसे आले, याचा इतिहास दप्तरी नोंदींवरून स्पष्ट होतो. त्याचा पिता आलोइस याचा जन्म ७ जून १८३७ रोजी वाल्डफिर्टेलमधील स्ट्रोनेस या खेड्यात झाला. त्याची आई मारिया आना शिकलग्रूबर ही त्या वेळी अविवाहित होती. ड्योलर्सहाइम येथील चर्चच्या नोंदवहीत पित्याच्या नावाचा रकाना कोरा ठेवण्यात आला आणि मुलाला आईचे आडनाव मिळाले. १८४२ साली मारिया आनाने योहान गेओर्ग हीडलर या फिरत्या गिरणी-कामगाराशी विवाह केला. मुलगा मात्र योहान गेओर्गचा भाऊ योहान नेपोमुक याच्या श्पिटाल येथील घरी वाढला. या भावाचे आडनाव ह्यूटलर असे लिहिले जात असे. मारिया आना १८४७ साली व योहान गेओर्ग १८५७ साली मरण पावला. दोघांच्या हयातीत मुलाच्या आडनावात कोणताही बदल झाला नाही.

आलोइस १८५५ साली ऑस्ट्रियाच्या जकात खात्यात नोकरीस लागला व शिकलग्रूबर या नावानेच वरच्या हुद्द्यांवर चढत गेला. तो चाळिशीकडे झुकला असता, जून १८७६ मध्ये योहान नेपोमुक तीन साक्षीदारांसह वाइत्रा येथील नोटरीपुढे गेला. योहान गेओर्ग हाच आलोइसचा पिता होता व त्याने तसे बोलून दाखवले होते, अशी साक्ष तेथे नोंदवण्यात आली. त्या कागदाच्या आधारे ड्योलर्सहाइमच्या धर्मगुरूने ३९ वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदीत दुरुस्ती केली. कोऱ्या रकान्यात पित्याचे नाव भरले गेले आणि ‘अनौरस’ या शब्दाच्या जागी ‘औरस’ असे लिहिले गेले. पित्याचे आडनाव या वेळी हीडलर वा ह्यूटलर असे न लिहिता हिटलर असे लिहिण्यात आले. ज्याचे पितृत्व नोंदवले गेले त्या योहान गेओर्गला मृत्यू पावून तेव्हा १९ वर्षे झाली होती. संबंधित अधिकाऱ्यांनी हा बदल मान्य केला व १८७७ पासून आलोइस हा अधिकृतरीत्या आलोइस हिटलर झाला.

हा बदल इतक्या उशिरा का केला गेला, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. योहान नेपोमुक याला मुलगा नव्हता. आपल्या घराण्याचे नाव पुढे चालावे अशी त्याची इच्छा असावी व त्याबदल्यात आलोइसला मालमत्तेचा काही वाटा मिळाला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आलोइसचा जन्मदाता योहान गेओर्ग होता, योहान नेपोमुक होता की अन्य कोणी, हा प्रश्नही अनिर्णित आहे.

या नोंदीचा एक परिणाम लवकरच दिसला. आलोइसने क्लारा प्योल्ट्सल हिच्याशी विवाह करण्याचे ठरवले. क्लारा ही योहान नेपोमुकची नात होती. दुरुस्त नोंदीनुसार आलोइस हा योहान नेपोमुकचा पुतण्या ठरत होता. त्यामुळे दोघे निषिद्ध नात्यात आले आणि विवाहासाठी रोमहून चर्चची विशेष परवानगी मिळवावी लागली. तो विवाह जानेवारी १८८५ मध्ये झाला.

प्रचलित गैरसमज

अ‍ॅडॉल्फ हिटलरचे खरे आडनाव शिकलग्रूबर होते, ही समजूत आजही आढळते. १९३०च्या दशकात त्याच्या राजकीय विरोधकांनी व महायुद्धकाळात दोस्त राष्ट्रांच्या प्रचारकांनी त्याची टर उडवण्यासाठी हे नाव वापरले. वस्तुतः अ‍ॅडॉल्फचा जन्म २० एप्रिल १८८९ रोजी ब्राउनाउ आम इन येथे झाला, तेव्हा पित्याच्या आडनावबदलाला बारा वर्षे उलटली होती. तो जन्मापासून हिटलरच होता. शिकलग्रूबर हे नाव ओबडधोबड व गावंढळ असून पित्याने ते बदलले याबद्दल तो समाधान व्यक्त करीत असे, असे त्याचा तरुणपणीचा मित्र आउगुस्ट कुबिझेक याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

दुसरा गैरसमज आलोइसच्या पित्याविषयीचा आहे. तो ग्राझ येथील एका ज्यू कुटुंबातील होता, असा दावा नाझी नेता हान्स फ्रांक याने न्यूरेंबर्ग येथे फाशीपूर्वी लिहिलेल्या आठवणींत केला. बहुसंख्य इतिहासकारांनी पुराव्याअभावी तो फेटाळला आहे.

अन्य घराणी

हिटलर आडनावाची सर्व कुटुंबे एका मूळ पुरुषाची नव्हेत. राहत्या जागेवरून पडणारी आडनावे अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण होतात. त्यामुळे केवळ नामसाम्यावरून रक्ताचे नाते सिद्ध होत नाही.

मध्य व पूर्व युरोपातील काही ज्यू कुटुंबांचेही हे आडनाव होते. सम्राट दुसरा योसेफ याने १७८७ साली हाब्सबर्ग साम्राज्यातील ज्यूंना जर्मन धाटणीची स्थायी आडनावे घेणे बंधनकारक केले. तोवर त्यांच्यात स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव लावण्याची प्रथा होती. या फर्मानानंतर ज्यू कुटुंबांनी घेतलेली वा त्यांना दिली गेलेली अनेक आडनावे ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या आडनावांसारखीच होती. १९३३ साली बुखारेस्टमधील ज्यू दफनभूमीतील, हिटलर हे नाव कोरलेल्या समाधिशिलेचे छायाचित्र ब्रिटिश वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि त्यावरून बराच तर्ककुतर्क झाला. त्या समाधीचा व वाल्डफिर्टेलमधील घराण्याचा काहीही संबंध नव्हता. ज्या नावाने ज्यूंचा संहार मांडला, तेच नाव धारण करणारी ज्यू कुटुंबे युरोपात होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात सर्कलव्हिल नगराच्या परिसरात या आडनावाचे एक शेतकरी घराणे एकोणिसाव्या शतकात नांदत होते. त्याचेही ऑस्ट्रियातील घराण्याशी नाते नाही. तेथील काही रस्ते व एक दफनभूमी अद्याप या घराण्याच्या नावाने ओळखली जाते. ही नावे नाझी राजवटीच्या पूर्वीची व स्थानिक वसाहतकारांची असल्याने ती कायम ठेवण्यात आली आहेत.

१९३३ ते १९४५

जुलै १९३३ पासून जर्मनीतील सरकारी नोकरांना अभिवादनात हे आडनाव उच्चारणे सक्तीचे करण्यात आले. शाळांचे तास या अभिवादनाने सुरू होत व सरकारी पत्रांची अखेर त्यानेच होई. जुलै १९४४ मध्ये हिटलरच्या हत्येचा कट फसल्यानंतर सैन्यातही हेच अभिवादन सक्तीचे झाले. अनेक नगरांतील चौकांना व रस्त्यांना हे नाव दिले गेले. एका खेड्यातील नोंदवहीत योगायोगाने स्थिर झालेले हे आडनाव अशा रीतीने राजनिष्ठेची शपथ बनले.

याच काळात जर्मनीत व्यक्तिनामे व आडनावे बदलण्याविषयीचा ५ जानेवारी १९३८चा कायदा अमलात आला. त्याखालील ऑगस्ट १९३८च्या आदेशान्वये, ज्यांची नावे शासनमान्य ज्यू नावांच्या यादीत नव्हती अशा ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ व स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणे सक्तीचे झाले. नावावरूनच माणूस ओळखता यावा व वेगळा काढता यावा, हा त्यामागील हेतू होता.

ज्या चर्चमध्ये १८७६ची नोंद झाली, त्या ड्योलर्सहाइमचाही याच राजवटीत अंत झाला. १९३८ पासून जर्मन सैन्याच्या सराव-क्षेत्रासाठी हे गाव, स्ट्रोनेस व आसपासची चाळीसहून अधिक खेडी रिकामी करण्यात आली. सुमारे ७,००० रहिवासी विस्थापित झाले. आज हा भाग ऑस्ट्रियन सैन्याच्या सराव-क्षेत्रात मोडतो आणि ड्योलर्सहाइमचे चर्च भग्नावस्थेत उभे आहे.

१९४५ नंतरचा आडनावत्याग

अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या निकटच्या नातलगांनी हे आडनाव सोडले, तर काहींनी ते युद्धापूर्वीच झाकले होते. धाकटी बहीण पाउला (१८९६–१९६०) ही भावाच्या सांगण्यावरून १९३६ पासून वोल्फ या नावाने राहत होती. सावत्र भाऊ आलोइस (१८८२–१९५६) याने युद्धानंतर हिलर हे आडनाव घेतले. हिलर हे जर्मनीतील एक स्वतंत्र आडनाव असल्याने ते कोणाच्या नजरेत भरत नसे. या आलोइसचा लिव्हरपूल येथे जन्मलेला पुत्र विल्यम पॅट्रिक (१९११–१९८७) अमेरिकेत गेला, १९४४ साली तेथील नौदलात भरती झाला व युद्धानंतर त्याने स्टुअर्ट-ह्यूस्टन हे आडनाव स्वीकारले.

ज्यांचे या घराण्याशी काहीही नाते नव्हते, त्यांनाही नामसाम्याचा जाच टळला नाही. जर्मनीत आडनाव बदलणे सोपे नाही. त्यासाठी ‘महत्त्वाचे कारण’ दाखवावे लागते. लाजिरवाणे वा उपहासास पात्र ठरणारे आडनाव हे असे कारण मानले जाते. येथे एक विलक्षण विरोधाभास दिसतो. हा बदल ज्या कायद्याने शक्य होतो, तो ज्यूविरोधी तरतुदी वगळून पुढे चालू राहिलेला १९३८चाच कायदा आहे. विवाह हा दुसरा मार्ग होता. पश्चिम जर्मनीत १९७६ पासून पतीऐवजी पत्नीचे आडनाव कुटुंबाचे आडनाव म्हणून निवडता येऊ लागले.

जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार नाझी चिन्हांचा व ‘हाइल हिटलर’ या अभिवादनाचा सार्वजनिक वापर दंडनीय असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास वा दंड होऊ शकतो. ऑस्ट्रियात १९४७चा प्रतिबंधक कायदा लागू आहे. हे कायदे नाझी विचारसरणीच्या प्रचाराविरुद्ध आहेत. आडनाव धारण करणे हा कोठेही गुन्हा नाही.

आजची वारंवारता

जर्मनीतील आडनावांची वारंवारता मोजण्याचे प्रमुख साधन दूरध्वनी-सूची हे आहे. कोनराड कुंझे व डामारिस न्यूब्लिंग यांनी संपादित केलेला जर्मन आडनावांचा सात खंडी नकाशासंग्रह (२००९–२०१८) हा २००५ सालच्या दूरध्वनी-जोडण्यांवर आधारलेला आहे. माइन्झ येथे २०१२ पासून चालू असलेला जर्मन आडनावांचा अंकीय कोशही याच सामग्रीचा उपयोग करतो. देशात आठ लाखांहून अधिक निरनिराळी आडनावे असून त्यांतील फार मोठा हिस्सा अत्यंत दुर्मीळ आहे.

या साधनांनुसार हिटलर हे लेखन जर्मनी व ऑस्ट्रियातून व्यवहारतः लोपले आहे. हीडलर व ह्यूटलर ही रूपे मात्र अल्प प्रमाणात टिकून आहेत. बोलीत ज्यांचा उच्चार जवळजवळ एकच, त्यांतील नेमके एकच रूप नष्ट व्हावे, यावरून लोकांनी कुलनाव नव्हे तर विशिष्ट अक्षररचना टाळली, हे लक्षात येते.

तथापि अशा मोजणीला मर्यादा आहेत. दूरध्वनी-सूचीत नाव छापू न देण्याची मुभा असते आणि असे आडनाव असलेली व्यक्ती ती मुभा घेण्याची शक्यता अधिक असते. म्हणून सूचीत नाव नसणे म्हणजे आडनाव पूर्णतः नामशेष होणे, असा अर्थ काढता येत नाही.

व्यक्तिनाम म्हणून वापर

महाजालावरील काही आडनाव-गणकांवर हिटलर या नावाचे शेकडो धारक जर्मनीबाहेर दाखवले जातात. ते बहुधा आडनावाचे धारक नसतात. दक्षिण अमेरिका, आफ्रिका व आशियातील काही समाजांत हे व्यक्तिनाम म्हणून ठेवले गेले. नामिबियात २०२० साली प्रादेशिक परिषदेवर निवडून आलेल्या अ‍ॅडॉल्फ हिटलर उनोना यांचे आडनाव उनोना हे आहे. नामिबिया १८८४ ते १९१५ या काळात जर्मन वसाहत असल्याने तेथे जर्मन नावे रूढ आहेत. मेघालयातील राजकारणी अ‍ॅडॉल्फ लू हिटलर मारक यांच्या नावातील मारक हे गारो समाजातील कुलनाम आहे.

मराठीतील वापर

मराठीत हिटलर हे विशेषनाम सामान्यनामासारखे वापरले जाते. ‘हिटलरशाही’ हा शब्द एकाधिकारशाहीच्या अर्थाने वृत्तपत्रांत व भाषणांत रूढ असून बोलण्यात कडक शिस्तीच्या वडीलधाऱ्यांना वा वरिष्ठांनाही गमतीने ‘हिटलर’ म्हटले जाते. या दुसऱ्या वापरात नावामागील संहाराचे स्मरण उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. २००६ साली नवी मुंबईतील खारघर येथे एका उपाहारगृहाला हे नाव दिले गेले, तेव्हा भारतातील ज्यू समाजाने तीव्र आक्षेप घेतला आणि थोड्याच दिवसांत ते बदलण्यात आले. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायली समाजाची मातृभाषा मराठीच आहे. तसेच नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून आलेल्या काही युरोपीय कुटुंबांना मुंबईने आश्रय दिला होता. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे त्यांपैकी एक होत. त्यामुळे मराठी भाषेच्या परिसरातही हे नाव केवळ दूरदेशीचे राहिलेले नाही.